मैदान सोबत नेता येतं का?

जूनमध्ये आपली शाळा नव्या आवारात जाणार आहे. वसतिगृहांतल्या खाटा, मेसची भांडी, बँडची वाद्यं, ट्रॉफ्यांची कपाटं कधी आणि कशी हलवायची याच्या याद्या सूचनाफलकावर लागल्या आहेत. त्या याद्या मी दोनदा वाचल्या. जुन्या मेसच्या भिंतीवरचा क्रॉस कंट्रीचा तक्ता त्यांत कुठेच नाही.

नसणारच, कारण तो भिंतीवरच तैलरंगाने रंगवलेला आहे. भिंत कोण उचलून नेणार? दरवर्षीच्या विजेत्याचं नाव, हाऊस आणि वेळ असा तो तक्ता आहे, आणि प्रत्येक गटाच्या डोक्यावर लाल रंगात विक्रम. गेल्या जानेवारीत मधल्या गटात मी पहिला आलो, पण लाल अक्षरांतली वेळ नऊ सेकंदांनी हुकली. ती वेळ माझ्या जन्माआधीची आहे. येत्या जानेवारीत मागच्या फाटकातून निघून तळ्याचा बांध, वीटभट्टी आणि रेल्वेची मोरी अशा त्या वाटेवरची शेवटची शर्यत होईल. त्यानंतर वाट बदलणार. मग त्या लाल वेळेचं काय होणार, हा प्रश्न घेऊन मी दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो.

माझं घर रायपूरच्या भनपुरीत आहे. बिलासपूर रोडवर दिवसरात्र ट्रक चालतात आणि आमच्या गल्लीत लाकडाच्या भुशाचा वास असतो, कारण जवळच लाकडाच्या वखारी आहेत. बाबा त्यांतल्याच एका वखारीत हिशेब पाहतात. मराठी बोलायला मिळावं म्हणून आजी आम्हाला लहानपणापासून चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात नेते. त्या वाटेवर राजकुमार कॉलेज लागतं. नावात कॉलेज असलं तरी ती शाळा आहे. मी तिच्याबद्दल विचारलं तेव्हा आजी म्हणाली, "ती मुळात इथली नव्हेच. जबलपूरहून आलेली."

हे मला माहीत नव्हतं. शाळा १८८२ मध्ये जबलपूरला सुरू झाली आणि पुढच्या दशकात रायपूरला हलली. छत्तीसगडच्या आणि आसपासच्या संस्थानांतल्या राजपुत्रांसाठी ती होती. आज रायपुरात कुणालाही विचारा, ती रायपूरचीच वाटते. म्हणजे सव्वाशे वर्षांत जुनी जागा लोकांच्या डोक्यातून पार पुसली गेली. मला हे वाचून धीर यायला हवा होता, पण उलटंच झालं.

आजीचं माहेर ग्वाल्हेरचं. भाऊबीजेला ती निघाली, तेव्हा मीही तिच्यासोबत गेलो. मामाआजोबा लष्कर भागात राहतात. (लष्कर हे शहराच्या भागाचं नाव आहे. दौलतराव शिंद्यांची छावणी पडली होती, तिथेच पुढे शहर वसलं. आपल्या मासिकात हे सांगितलंच पाहिजे.) माझा प्रश्न ऐकल्यावर त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी मला किल्ल्यावर नेलं. उरवाही दरवाज्याच्या चढाला दोन्ही बाजूंच्या कड्यांत प्रचंड जैन मूर्ती कोरलेल्या आहेत. वर सपाटीवर आलो की राजवाडे आणि देवळं आहेत, आणि सिंधिया स्कूल. आत जाता येत नाही, फाटकाशी थांबावं लागतं. पण आतून शिट्टीचा आवाज आला आणि मागोमाग पोरांचा ओरडा. सगळ्या निवासी शाळांचा आवाज एकसारखाच असतो, हे मला तिथे कळलं.

ही शाळा १८९७ मध्ये माधवराव शिंदे यांनी सुरू केली. तेव्हा तिचं नाव सरदार्स स्कूल होतं, कारण ग्वाल्हेर दरबारातल्या, बहुतेक मराठा, सरदारांची मुलं तिथे शिकत. तेव्हा ती किल्ल्यावर नव्हती, खाली शहरात होती. १९०८ मध्ये ती वर आली. ती वर कशी येऊ शकली, ही खरी गंमत आहे. जून १८५८ मध्ये राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेरजवळ लढताना पडल्या आणि लगेच इंग्रजांनी किल्ला घेतला. पुढची सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं तिथे इंग्रजी फौज होती, आणि फौज म्हटली की बराकी आल्याच. १८८६ मध्ये जयाजीराव शिंद्यांनी झाशी इंग्रजांना दिली आणि बदल्यात किल्ला परत मिळवला. फौज उतरली, बराकी रिकाम्या राहिल्या. त्याच दुरुस्त करून सरदारांच्या मुलांची शाळा त्यांत आणली. आपल्या नव्या आवारात सगळं कोरं असेल. त्यांचं नवं आवार म्हणजे शत्रूने सोडलेली जागा होती.

१९३३ मध्ये ती पब्लिक स्कूल झाली आणि एफ. जी. पीअर्स पहिले प्राचार्य म्हणून आले. पब्लिक स्कूल या शब्दाने माझा नेहमी गोंधळ व्हायचा, कारण अशा शाळांत सार्वजनिक असं फारसं काही दिसत नाही. अर्थ एवढाच, की एका घराण्याच्या किंवा एका वर्गाच्या मुलांपुरती शाळा न राहता फी भरून कुणीही येऊ शकतो. सरदारपुत्रांच्या शाळेला ही मोठी उडी होती.

आता खेळांकडे येतो. तिथेही आपल्यासारखीच हाऊस पद्धत आहे. मोठ्या मुलांच्या हाऊसेसना राणोजी, महादजी, जयाप्पा, जयाजी, दौलत, माधव, शिवाजी अशी नावं आहेत. लहान मुलांच्या एका हाऊसचं नाव दत्ताजी. जानेवारी १७६० मध्ये बुराडी घाटावर पडलेले तेच हे दत्ताजी शिंदे. आणखी एका हाऊसचं नाव आहे कण्हेरखेड. सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यातलं हे शिंद्यांचं मूळ गाव. म्हणजे उत्तर हिंदुस्थानातल्या एका किल्ल्यावर आजही पोरं 'कण्हेरखेड'साठी घसा फोडून ओरडतात, आणि त्यांतल्या बहुतेकांनी ते गाव पाहिलेलंही नसेल. मला हे फार आवडलं. गाव सुटलं, नाव मात्र सोबत आलं. हाऊसचं नाव, रंग, आरोळी या गोष्टींना वजन नसतं, ट्रकमध्ये जागा लागत नाही.

पण दुसरी एक गोष्ट मामाआजोबांनी सांगितली, ती माझ्या प्रश्नाच्या जास्त जवळची होती. तिथे संध्याकाळी खेळ संपले की अस्ताचल असतं. सगळी शाळा किल्ल्याच्या पश्चिम बाजूला पायऱ्यांवर बसते आणि सूर्य मावळेपर्यंत गप्प राहते. त्या शाळेचे माजी विद्यार्थी शाळेतली आठवण सांगायला लागले की आधी अस्ताचलच सांगतात. आता विचार करा, शाळा खाली शहरातच राहिली असती, तर ही प्रथा सुचली असती का? पश्चिमेचा कडा वरच होता. म्हणजे त्या शाळेची सगळ्यांत जिवाभावाची परंपरा जुन्या जागेतून नेलेली नाही, नव्या जागेने दिलेली आहे. मी घरातून निघताना फक्त काय हरवणार याची यादी केली होती. असाही एक रकाना असतो, हे मला सुचलंच नव्हतं.

खेळांच्या बाबतीत तिथे अजूनही नवं बांधकाम चालूच असतं. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी शाळेच्या १२५व्या स्थापना दिनाच्या समारंभाला पंतप्रधान आले, तेव्हा त्यांच्या हस्ते नव्या क्रीडा संकुलाचा पायाभरणी समारंभ झाला.

लष्करी शाळाही हलल्या आहेतच. चैलची राष्ट्रीय मिलिटरी स्कूल १९२५ मध्ये जालंधरला सुरू झाली, मग नौगावला गेली आणि १९६० मध्ये हिमाचलात चैलला पोचली. तिथे तिला खेळायला मिळालं सात हजार फुटांहून उंचावरचं क्रिकेटचं मैदान, जगातल्या सर्वांत उंच मैदानांपैकी एक. बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं, की ते मैदान पतियाळाचे महाराजा भूपिंदर सिंग यांनी १८९३ मध्ये तयार केलं. महाराजांचा जन्म १८९१ चा आहे. दोन वर्षांचे महाराज पिच रोल करून घेत होते असं समजायचं, की साल चुकलंय, ते तुम्हीच ठरवा.

जागेमुळे खेळ जन्मतो, याची परदेशातली दोन उदाहरणं सांगतो. इंग्लंडच्या ईटन शाळेत मुलं चॅपेलच्या भिंतीला आधार देणाऱ्या दगडी खांबांच्या मधल्या खोबणीत हाताने चेंडू मारत. त्यातून 'ईटन फाइव्ह्ज' हा खेळ झाला. आज हा खेळ दुसरीकडे खेळायचा असला, तरी कोर्टात तो पुढे आलेला खांब आणि ती पायरी मुद्दाम बांधावी लागते. म्हणजे मैदान नेता येत नाही, तर त्याची नक्कल बांधतात. दुसरं चार्टरहाऊस शाळेचं. ती लंडनमध्ये होती तेव्हा मुलं दगडी ओवऱ्यांत फुटबॉल खेळत. लांब किक मारायला जागाच नाही, म्हणून चेंडू पायाशी ठेवून नेण्याचं, म्हणजे ड्रिब्लिंगचं, कौशल्य तिथे वाढलं. १८७२ मध्ये शाळा गोडालमिंगच्या मोकळ्या टेकडीवर गेली. ओवऱ्या मागे राहिल्या, ड्रिब्लिंग मुलांच्या पायांतून गेलं. आणि जाताना त्यांनी मुलांची नावं कोरलेली एक दगडी कमान सोबत नेली!

कमान नेली म्हणजे भिंतही नेता येते, असं माझ्या मनात आलं. पण नाव नेणं सोपं आहे, वेळ नेणं अवघड. चारशे मीटरची धाव कुठेही चारशे मीटरच असते, म्हणून ट्रॅकवरचे विक्रम नव्या आवारातही तसेच चालतील. क्रॉस कंट्रीत वाट प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. चढ, चिखल, वळणं वेगळी. म्हणूनच या खेळात अधिकृत जागतिक विक्रम ठेवतच नाहीत. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये क्रॉस कंट्रीला ३८ जण धावले आणि उन्हाने व अवघड वाटेने फक्त १५ जण शेवटपर्यंत पोचले. त्यानंतर हा प्रकार ऑलिंपिकमधून गेला. तेव्हाचा विजेता पावो नुर्मी कोणत्या वेळेत आला हे फार जण सांगत नाहीत, तो त्या वाटेवर जिंकला हे सांगतात.

तेव्हा आपली लाल वेळ नव्या वाटेवरच्या वेळेशी तोलता येणार नाही. ती त्या बांधाची, त्या मोरीची वेळ आहे. मला सुचतं ते असं. जुन्या वाटेची नावं आणि वेळा एका लाकडी फळ्यावर उतरवून घ्याव्यात, वर वाटेचा नकाशा काढावा आणि खाली लिहावं, 'ही वाट बंद'. नव्या वाटेसाठी नवा फळा शेजारी लावावा, अगदी रिकामा. मी या गोष्टीवर नाखूष आहे हे कबूल करतो, कारण रिकाम्या फळ्यावर पहिलं नाव येणं मला सोपं वाटतं आणि जुन्या फळ्यावर शेवटचं नाव येणं जास्त मोलाचं. पण मधल्या गटातल्या ज्या ज्युनियर्सना अजून दोन वर्षं धावायचं आहे, त्यांना रिकामा फळाच हवा असेल.

नकाशासाठी वाट मोजायला हवी. ती आजवर कुणी नीट मोजलेली नाही. 'साधारण चार किलोमीटर' असंच सगळे म्हणतात. रस्त्यावरच्या मोठ्या शर्यतींची वाट सायकलनेच मोजतात. आधी अंतर नक्की ठाऊक असलेल्या सरळ पट्ट्यावर सायकल चालवून चाकाचे किती फेरे होतात ते बघतात आणि मग वाटेवरचे फेरे मोजतात. वाट चुकूनही कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जादा धरतात. आपल्याकडे ट्रॅक आहे, मेसच्या भय्यांची सायकल आहे आणि रविवारी दुपारी दोन तास मोकळे असतात. सुट्टीनंतरच्या पहिल्या रविवारी मी मोजायला निघणार आहे. फेरे मोजायला एक जण आणि वहीत लिहायला एक जण लागेल. ज्यांना यायचं असेल त्यांनी मला प्रेपनंतर भेटावं.

बाबांना मी फळ्याबद्दल सांगितलं. ते म्हणाले, सागाची फळी देऊ, वखारीत पडून राहून चांगली वाळलेली आहे, वाकणार नाही. मग त्यांनी लांबी-रुंदी विचारली, आणि मला ती सांगता आली नाही. परत गेल्यावर भिंतीवरची चौकट मोजून त्यांना कळवायची आहे.