जुन्या शिवणयंत्राची पारख

जुन्या शिवणयंत्राकडे पाहणाऱ्याचे लक्ष प्रथम वेधून घेते ती काळ्या रोगणावरील सोनेरी नक्षी. वेलबुट्टी, स्फिंक्सची आकृती, बिडाच्या पायांतील जाळीकाम यांची शोभा निर्विवाद आहे. परंतु जाणकार मनुष्य यंत्र मागे कलते करून त्याच्या पोटात डोकावतो. यंत्राचे कूळ ठरते ते त्यात खालच्या दोऱ्याची व्यवस्था कशी केली आहे यावरून.

हाताने शिवणारा माणूस सबंध सुई कापडाच्या आरपार नेतो आणि पलीकडून ती पुन्हा धरतो. यंत्राला ही धरसोड जमण्यासारखी नव्हती. बार्थेलेमी तिमोनिए या फ्रेंच शिंप्याने १८३० साली ज्या यंत्राचे पेटंट मिळवले, त्यात आकडीची सुई कापडाखालील दोरा वर ओढून फासात फास अडकवीत असे. हा वस्तुतः भरतकामातील साखळी टाकाच होय. पॅरिसमध्ये अशी सुमारे ८० यंत्रे सैनिकांचे गणवेश शिवीत असता जानेवारी १८३१ मध्ये शिंप्यांच्या जमावाने ती मोडून टाकली. त्या शिंप्यांना केवळ अडाणी ठरवणे अन्यायाचे होईल. आपल्या पोटावर येणारे संकट त्यांना स्पष्ट दिसत होते. तिमोनिए पुढे १८५७ साली दारिद्र्यात मरण पावला. त्याच्या टाक्यात एक मोठी उणीव होती. नेमका दोरा ओढला की धान्याच्या पोत्याचे तोंड जसे सरसर उसवते, तशी ती शिवण उसवत जाई.

अमेरिकेतील एलायस हाउ याने १८४६ साली ज्या यंत्राचे पेटंट घेतले, त्यात दोन दोरे होते. सुईचे नेढे मागच्या टोकाला न ठेवता अणीजवळ आणले होते, आणि दुसरा दोरा वाहून नेण्यासाठी विणकराच्या धोट्याचे तत्त्व घेतले होते. या दोन्ही गोष्टींचा मेळ वॉल्टर हंट याने न्यूयॉर्क येथे दहाएक वर्षे आधीच घातला होता; मात्र त्याने त्या वेळी पेटंट घेतले नाही. या यंत्राची खरी करामत एका निमिषात सामावलेली आहे. सुई कापडातून खाली जाते आणि किंचित वर येऊ लागते, तोच दोरा सैल पडून नेढ्यामागे त्याचा इवलासा फास उभा राहतो. त्याच क्षणी धोटा त्या फासातून निघून जातो व आपला दोरा मागे ठेवतो. सुई वर जाते, दोरा ताणला जातो आणि दोन दोऱ्यांचा विळखा कापडाच्या जाडीत दडून बसतो. क्षण चुकला की टाका चुकलाच. हातचाक एक एक बोट फिरवून हा खेळ सावकाश पाहिला, म्हणजे यंत्रातील प्रत्येक दांडा कोणाच्या सेवेत आहे, ते आपोआप उलगडते.

धोट्याचा आकार मात्र बदलत गेला. प्रारंभी तो लहानशा नावेसारखा असून सरळ रेषेत मागेपुढे सरके. पुढे तो कमानीच्या मार्गाने हेलकावे घेऊ लागला. अशा यंत्रांतील बॉबिन लांबट, बारीक काडीसारखी असते. ॲलन विल्सन या अमेरिकन कारागिराने १८५० नंतरच्या काही वर्षांत वेगळी वाट काढली. त्याने बॉबिन जागीच ठेवली आणि फिरत्या आकडीने वरच्या दोऱ्याचा फास तिच्याभोवतून नेला. आज परिचित असलेल्या वाटोळ्या बॉबिनीचा वंश येथून सुरू होतो. कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सची 'उषा' यंत्रे भारतातील घराघरांत पोहोचली, तीही प्रायः वाटोळ्या बॉबिनीची. तथापि लांबट बॉबिन दिसली की यंत्र फार प्राचीन, असा निष्कर्ष काढू नये. विसाव्या शतकातही ती बराच काळ बनत होती.

१८५१ साली आयझॅक सिंगरने सुई उभी केली, कापड आडव्या फळीवर आणले. त्याच्या कंपनीने १८५६ पासून हप्त्याने विक्री चालू केली आणि बेताच्या मिळकतीच्या कुटुंबांनाही यंत्र घेणे शक्य झाले. गांधीजींनी १९२४ साली यंत्रांविषयीच्या एका संभाषणात शिवणयंत्राला अपवाद मानले. पत्नीचे कष्ट पाहून सिंगरने ते रचले, अशी त्यांची समजूत होती. सिंगरचे चरित्र या कल्पनेला दुजोरा देत नाही. तो फिरता नट होता, त्याचे संसार एकाहून अधिक होते आणि त्याची दृष्टी पैशावर होती.

सिंगर यंत्राच्या बैठकीवरील क्रमांकावरून त्याचे वर्ष बहुधा काढता येते. स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथील कंपनीचा प्रचंड कारखाना १९८० साली बंद पडला. परंतु तेथील यंत्रे अद्याप चालताना आढळतात. बैठकीच्या पुढल्या कडेची नक्षी पुष्कळदा झिजलेली असते, कारण कापड आणि हात वर्षानुवर्षे तेथूनच सरकत आलेले असतात. ही झीज नवे रंगकाम करून झाकणे म्हणजे जुन्या पोथीचा समास कापण्यासारखे आहे. स्पिरिटने पुसणे त्याहून वाईट. जुन्या रोगणातील लाख त्यात विरघळते व नक्षी कायमची जाते. पाय काढून त्यांवर संगमरवरी फळी बसवणारे तर वरचे यंत्र भंगारात घालतात.

किमतीविषयीचे भ्रमही कमी नाहीत. २००९ साली सौदी अरेबियात जुन्या सिंगर यंत्रांत 'लाल पारा' दडलेला असतो, अशी अफवा उठली आणि त्यांचे भाव अतोनात चढले. पारा अर्थातच कोठेही नव्हता. सिंगरची यंत्रे लाखांनी बनली आहेत. त्यामुळे केवळ जुनेपणाने एखादे यंत्र दुर्मिळ ठरत नाही. ते चालते कसे, हे पाहणे अधिक महत्त्वाचे.

त्याची परीक्षा सोपी आहे. थिजलेले तेल काढून, शिवणयंत्राचे पातळ तेल प्रत्येक छिद्रात घालावे, आणि हातचाक अडखळेनासे झाल्यावरच सुई लावावी. वर लाल दोरा ओवावा, बॉबिनीत पांढरा भरावा, आणि दुहेरी मांजरपाटावर वीतभर टीप मारावी. कापड उलटून पाहता खाली लाल ठिपके दिसले, तर वरचा ताण थोडा वाढवावा. वर पांढरे दिसले, तर कमी करावा. वर निव्वळ लाल आणि खाली निव्वळ पांढरी रेघ उमटली, म्हणजे यंत्र ठीक आहे.