ओईटी रीडिंग : आधी ‘पार्ट ए’ पक्का करा!

परदेशात नर्सिंगसाठी ओईटी ही इंग्रजीची परीक्षा देताय? रीडिंगच्या ‘पार्ट ए’मध्ये एकाच विषयावरचे चार छोटे मजकूर, 20 प्रश्न आणि फक्त 15 मिनिटं असतात. वेळ संपली की मागे जाता येत नाही. म्हणून सगळं वाचत बसू नका. आधी मथळे आणि तक्ते बघा. डोस कुठे, लक्षणं कुठे हे कळलं की अर्धं काम झालं. शब्द मजकुरात आहे तसाच उतरवा, स्पेलिंग चुकलं की गुण गेलाच.

पुढच्या ‘पार्ट बी’ आणि ‘सी’ला मिळून 22 प्रश्न, 45 मिनिटं. सीमध्ये लेखकाचं मतही ओळखावं लागतं.

तयारीसाठी शब्दयाद्या पाठ करण्यापेक्षा औषधांसोबतची इंग्रजी माहितीपत्रकं वाचणं मला कितीतरी उपयोगाचं वाटतं. ‘कॉन्ट्राइंडिकेशन’सारखे शब्द तिथे थेट वाक्यातच भेटतात!