जागा सोडणारी जनुके

गुणसूत्रावर प्रत्येक जनुकाचे स्थान ठरलेले असते, आणि एकदा ठरलेले स्थान ते सोडीत नाही, ही समजूत शास्त्रज्ञांत दृढमूल झालेली असताना, अमेरिकेत कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे मक्याच्या ठिपकेदार दाण्यांचे वर्षानुवर्षे निरीक्षण करणाऱ्या बार्बरा मॅक्‌लिंटॉक या विदुषीने 1951 च्या परिषदेत नेमके उलट प्रतिपादन केले. श्रोत्यांना ते फारसे उमगले नाही, आणि नोबेल पारितोषिक मिळण्यास 1983 साल उजाडावे लागले.

त्यांची तर्कपद्धती मला त्या पारितोषिकाहूनही मोलाची वाटते. रंगद्रव्याच्या जनुकात एक परका तुकडा येऊन ठाण मांडतो, तेव्हा दाणा फिकट राहतो. परंतु दाणा वाढीस लागला असता एखाद्या पेशीत तो तुकडा मुक्काम हलवितो, आणि त्या पेशीच्या साऱ्या संततीस रंग परत लाभतो. म्हणून तुकडा लवकर निघाला असेल तर डाग मोठा, उशिरा निघाला असेल तर बारीक. डीएनएची रचनाही ठाऊक नव्हती त्या काळात, केवळ डागांच्या आकारावरून त्यांनी ही अदृश्य घडामोड वाचली!

मानवी जनुकसंचाचा जवळजवळ निम्मा भाग अशाच तुकड्यांपासून झालेला आहे. त्यांतील बहुतेक आता निश्चल आहेत. परंतु ‘एल-1’ नावाचे काही तुकडे, मूळ कागद दप्तरात जसाच्या तसा ठेवून त्याची नक्कल भलत्याच फायलीत डकविणाऱ्या कारकुनाप्रमाणे, अजूनही आपल्या प्रती इतरत्र घुसवितात. रक्त गोठविणाऱ्या एका घटकाच्या जनुकात अशी प्रत शिरल्याने हीमोफिलिया झाल्याचे 1988 साली उघडकीस आले. तरीही या साऱ्या ऐवजाला ‘कचरा’ म्हणून निकालात काढणे उतावीळपणाचे होते, कारण प्रतिपिंडांची विविधता घडविणारी आपली ‘रॅग’ जनुके प्राचीन काळच्या अशाच एका तुकड्यापासून उद्भवली आहेत.

आणखी एक गंमत आहे. मेंडेलच्या वाटाण्यांवरील प्रयोगांत 5474 दाणे गोल व 1850 सुरकुतलेले भरले, आणि अशाच हिशोबांवर आनुवंशिकतेच्या नियमांचा पाया रचला गेला. सुरकुतलेल्या वाटाण्यात पिष्ट घडविणाऱ्या एका जनुकात सुमारे 800 अक्षरांचा परका तुकडा शिरलेला आहे, असे 1990 साली आढळले. त्यामुळे पिष्ट कमी बनते, साखर व पाणी अधिक साचते, आणि वाळताना दाणा आक्रसतो. हा तुकडा मक्यातल्या तुकड्यांचाच भाईबंद; मात्र वाटाण्यात तो जागचा हलला नाही, म्हणून मेंडेलचे तिनास एक हे प्रमाण बिघडले नाही.