आरची पॅकेजेस : गैरसमज आणि वस्तुस्थिती

रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात घडवलेली ‘आर’ ही भाषा आज संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांची रोजची सोबती आहे. जगभरच्या अभ्यासकांनी लिहून मोफत दिलेल्या पॅकेजेसमुळे ती वाढली. पण या पॅकेजेसबद्दलचे काही समज थेट निष्कर्षच बिघडवू शकतात.

गैरसमज : पॅकेजशिवाय आरमध्ये काही होत नाही.
वस्तुस्थिती : सरासरी, टी-टेस्ट, रिग्रेशन, साधे आलेख हे सगळे मूळ आरमध्येच आहे. रुग्णांच्या जीवनकालाच्या विश्लेषणासाठीचे ‘सर्व्हायव्हल’ पॅकेजही आरसोबतच येते. ‘लायब्ररी’ ही आज्ञा देऊन ते फक्त उघडायचे असते.

गैरसमज : क्रॅनवर आहे म्हणजे पॅकेज बरोबरच असणार.
वस्तुस्थिती : १९९७मध्ये सुरू झालेल्या ‘क्रॅन’ या भांडारात आज वीस हजारांहून अधिक पॅकेजेस आहेत. पॅकेज नीट बसते का, त्यातली उदाहरणे चालतात का, माहितीपत्रक पूर्ण आहे का, हे तिथे तपासले जाते. त्यातली पद्धत संख्याशास्त्राच्या दृष्टीने योग्य आहे की नाही, याची हमी मिळत नाही. त्यासाठी लेखक कोण, पद्धतीला शोधनिबंधाचा आधार आहे का, हे आपणच पाहायला हवे.

गैरसमज : दोन उत्तरे वेगळी आली, म्हणजे एक पॅकेज चुकले.
वस्तुस्थिती : गटांमधली निरीक्षणे कमी-जास्त असली, की हा अनुभव हमखास येतो. समजा, पिकाच्या उत्पादनावर खत आणि पाणी यांचा परिणाम तपासायचा आहे. मूळ आरमधली ‘अनोव्हा’ आधी खताचा वाटा मोजते आणि मग उरलेल्यातून पाण्याचा. सूत्रात पाणी आधी लिहिले, की आकडे बदलतात. ‘कार’ पॅकेजमधली मोठ्या ‘A’ने सुरू होणारी ‘अनोव्हा’ ही आज्ञा खताचा परिणाम पाण्याचा हिशेब धरून मोजते आणि पाण्याचा परिणाम खताचा हिशेब धरून. तिथे क्रमाने फरक पडत नाही. दोन्ही गणिते बरोबर आहेत, प्रश्न मात्र वेगळे आहेत. आपला प्रश्न कोणता, हे आज्ञा देण्यापूर्वीच ठरलेले हवे.

गैरसमज : पॅकेज उघडताना येणाऱ्या सूचना वाचायची गरज नाही.
वस्तुस्थिती : ‘डीप्लायर’ हे पॅकेज उघडताच मूळ ‘फिल्टर’ झाकला गेल्याची सूचना येते. मूळ फिल्टर कालक्रमाने नोंदलेल्या आकड्यांवर चालतो, तर डीप्लायरचा फिल्टर अटीत बसणाऱ्या ओळी निवडतो. गोंधळ टाळायचा तर पॅकेजचे नाव आणि दोन कोलन लावून आज्ञा लिहावी.

गैरसमज : आज चाललेला कोड कायम तेच उत्तर देईल.
वस्तुस्थिती : पॅकेजेस बदलत राहतात आणि खुद्द आरही. २०१९च्या ३.६.० आवृत्तीत यादृच्छिक नमुना निवडणाऱ्या ‘सॅम्पल’ या आज्ञेची पद्धत बदलली आणि तेच सीड (निवडीची सुरुवात ठरवणारा आकडा) देऊनही वेगळा नमुना येऊ लागला. म्हणून प्रबंधात किंवा अहवालात आरची आणि वापरलेल्या प्रत्येक पॅकेजची आवृत्ती नोंदवावी. ‘सेशनइन्फो’ ही आज्ञा ती सगळी यादी एका फटक्यात देते. ती जोडलेली असली, तर आपले काम दुसऱ्या कुणालाही पडताळून पाहता येते.