तुळजापुरात दुकानापुढे किंवा घराला सावलीचं छत लावताय? आधी ऊन, वारा आणि रस्ता समजून घ्या

चैत्र पौर्णिमेच्या दिवसांत दुपारी दोनच्या सुमारास तुळजापूरच्या महाद्वाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर पाहिलं, तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. गर्दी रस्त्याच्या मधोमध नसते, सावलीच्या कडेकडेने चालते. अनेक भाविक अनवाणी असतात. जिथे दुकानापुढे चार फूट सावली आहे, तिथे ते थबकतात. परडी बघतात, कवड्यांच्या माळेचा भाव विचारतात, ओटीचं साहित्य घेतात. जिथे सावली नाही, तिथून पाय भराभर पुढे जातात.

म्हणजे दुकानापुढचं छत ही इथे शोभेची वस्तू नाही, तो धंद्याचा भाग आहे. पण हेच छत चुकीचं निवडलं, तर वळवाच्या पहिल्याच वाऱ्यात फाटतं, पावसात पाणी साचून खाली येतं किंवा अतिक्रमण म्हणून काढावं लागतं. गर्दीच्या रस्त्यावर लोखंडी पाइप निसटला, तर प्रश्न नुसत्या नुकसानीचा राहत नाही.

मग छत घेताना नेमकं काय पाहायचं?

आधी ठरवा: सावली कोणत्या वेळेची हवी?

बहुतेक लोक दुकानदाराला विचारतात, "किती फुटांचं बसवू?" खरा प्रश्न आहे, "दुकानाचं तोंड कुठे आहे?"

तुळजापूर साधारण 18 अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या मध्याच्या आसपास दुपारी सव्वाबारा ते साडेबाराच्या दरम्यान सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर येतो. 'शून्य सावली दिवस' म्हणतात तो हाच. अशा वेळी दोन-तीन फुटांचा छज्जाही पुरेसा असतो. खरा त्रास त्यानंतर सुरू होतो.

मे महिन्यात दुपारी साडेचारला सूर्य क्षितिजापासून साधारण 30 अंशांवर उतरलेला असतो. समजा, पश्चिमेला तोंड असलेल्या दुकानाचं छत चार फूट पुढे आलंय आणि त्याची पुढची कड जमिनीपासून आठ फूट उंच आहे. तर दुकानाच्या दर्शनी भागात सावली त्या कडेच्या खाली फक्त अडीच फुटांपर्यंत पोहोचते. उरलेला साडेपाच फुटांचा भाग, म्हणजे काउंटर, पेढ्यांचे खोके, कुंकवाचे ढीग, सगळं उन्हातच. निव्वळ छत पुढे वाढवून हे ऊन अडवायचं म्हटलं, तर ते 13 फूट बाहेर काढावं लागेल. ते गल्लीत शक्य नाही.

म्हणून दिशेनुसार गणित असं:

- पश्चिम: छत तीन-चार फुटांचं ठेवा आणि त्याच्या पुढच्या कडेला खाली सोडता येणारा पडदा लावा. शेडनेट किंवा जाळीदार कापड चालतं. चार वाजता सोडा, सूर्य मावळला की गुंडाळा.
- पूर्व: असाच पडदा, पण सकाळी नऊ-दहापर्यंतच लागतो.
- दक्षिण: उन्हाळ्यात फारसा त्रास नाही. नवरात्रापासून पुढे हिवाळाभर मात्र दिवसभर ऊन येतं. इथे स्थिर छत उपयोगी पडतं.
- उत्तर: सावलीपेक्षा पावसाचा विचार करा. छोटा छज्जा पुरतो.

ताडपत्री, कापड, पत्रा की पॉलिकार्बोनेट?

बाजारात आज मुख्यतः पाच पर्याय दिसतात.

ताडपत्री: सर्वांत स्वस्त. यात्रेपुरतं पाल ठोकायचं असेल तर हीच बरी. पण साधी प्लॅस्टिकची ताडपत्री उन्हाने कडक होते, घडीवर चिरते. घेताना 'जीएसएम' विचारा. एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन म्हणजे जीएसएम. आकडा जितका मोठा, तितकं कापड जाड.

पीव्हीसीचा लेप असलेलं पॉलिस्टर कापड: दुकानांपुढे दिसणारी पट्ट्यापट्ट्यांची 'ऑनिंग' बहुधा याचीच असतात. पाणी झिरपत नाही, धूळ पुसता येते. पण खाली हवा कोंडते, म्हणून दोन्ही बाजू मोकळ्या हव्यात. फ्लेक्सचं कापड दिसायला असंच असतं, पण ते जाहिरातीसाठी असतं. छतासाठी कोणी फ्लेक्स सुचवत असेल, तर नको म्हणा.

अ‍ॅक्रिलिक कापड: रंग धाग्यातच असल्यामुळे लवकर उडत नाही, हवाही थोडी खेळती राहते. महाग असतं. घराच्या बाल्कनीला किंवा लॉजच्या दर्शनी भागाला चांगलं.

पत्रा: टिकाऊ, पण तापतो आणि ती आच खाली येते. आठ फुटांवर पत्रा मारला, तर त्याखाली उभं राहणाऱ्याला दुपारी ते जाणवतं. पत्राच हवा असेल तर पांढरा किंवा फिक्या रंगाचा घ्या आणि शक्य तितका उंच लावा. पावसात आवाज होणार, हेही धरून चाला.

पॉलिकार्बोनेट शीट: उजेड आत येतो, म्हणून घराच्या दाराशी, जिन्यावर लोक लावतात. पण शीटच्या बहुधा एकाच बाजूला अतिनील किरणांपासून वाचवणारा थर असतो. तीच बाजू वर हवी. उलटी बसली तर शीट पिवळी पडते, ठिसूळ होते. बसवणारा संरक्षक प्लॅस्टिक सोलून टाकण्याआधी त्यावर काय छापलंय ते स्वतः वाचा. शिवाय उन्हात ही शीट प्रसरण पावते. त्यामुळे स्क्रूचं भोक स्क्रूपेक्षा थोडं मोठं लागतं, नाहीतर तिथूनच तडा जातो.

रंगाबद्दल एवढंच: गडद रंग मळ लपवतो पण उष्णता शोषतो. फिका रंग थंड राहतो पण धुवावा लागतो.

वळवाचा वारा छताला काय करतो?

तुळजापूर बालाघाटाच्या डोंगररांगेत, उंचावर वसलंय. एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस येतो तो सोसाट्याचा वारा घेऊन. छत खाली पडेल याची भीती सगळ्यांना असते. प्रत्यक्षात वारा ते वर उचलतो.

एक साधा हिशोब. दहा फूट लांब आणि चार फूट पुढे आलेलं छत म्हणजे साधारण 3.7 चौरस मीटर. ताशी 60 किलोमीटर वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला अंदाजे 17 किलो वजनाइतका असतो. म्हणजे अख्ख्या छतावर 60 किलोंपेक्षा जास्त ओढ. वारा ताशी 80 किलोमीटर झाला, की हीच ओढ 110 किलोंच्या आसपास जाते. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो, म्हणून थोडा वाढलेला वाराही भारी पडतो.

ही सगळी ओढ शेवटी भिंतीतल्या चार-सहा बोल्टांवर येते. म्हणून कापडाइतकीच भिंत महत्त्वाची आहे.

- भिंतीत काँक्रीटचा बीम किंवा लिंटल असेल, तर अँकर फास्टनर तिथेच मारा. प्लास्टरमध्ये किंवा विटांच्या सांध्यात नको.
- जुन्या गल्ल्यांतल्या दगड-मातीच्या भिंतीत अँकर धरत नाही. तिथे आरपार बोल्ट आणि आतल्या बाजूला लोखंडी पट्टी लागते. तेही शक्य नसेल तर ओट्यावर खांब उभे करून छत पेला.
- सांगाड्यासाठी चौकोनी पाइप घेताना गेज विचारा. 16 गेज म्हणजे साधारण 1.6 मिलिमीटर जाडी, 18 गेज म्हणजे 1.2. गेजचा आकडा वाढला की पाइप पातळ होतो. इथेच अनेकांची फसगत होते.
- गंज सर्वांत आधी वेल्डिंगच्या सांध्यावर धरतो. तिथे प्रायमर मारल्यावरच रंग द्यायला सांगा.

गुंडाळता येणारं छत घेतलं असेल, तर आभाळ भरून आलं की ते आत घ्यायचं, हा नियमच करा. मोटरवर चालणारं असेल तर त्याला हाताने फिरवायचा दांडाही हवा. वादळात वीज आधी जाते.

पाणी कुठे जाणार?

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी जमतं. वरच्याच दहा बाय चारच्या छतावर 50 मिलिमीटर पाऊस झाला, तर साधारण 185 लिटर पाणी होतं. उतार असेल तर ते वाहून जातं. कापड सैल किंवा सपाट असेल तर मध्ये झोळी होते आणि तेवढंच वजन सांगाड्यावर लटकतं.

सोपा नियम: चार फूट पुढे आलेल्या छताला किमान एक फूट उतार द्या.

सप्टेंबर 2025 मध्ये धाराशिव जिल्ह्यात अतिवृष्टी झाली आणि 22 सप्टेंबरपासून नवरात्रही होतं. म्हणजे वर्षातली सर्वांत मोठी गर्दी आणि जोराचा पाऊस एकाच वेळी येऊ शकतात. तुमच्या छताचं पाणी रांगेत उभ्या भाविकांच्या डोक्यावर किंवा शेजाऱ्याच्या दारात पडणार नाही, अशी पन्हळ लावा आणि पाइपने ते गटारात सोडा.

पोत, ज्योत आणि आग

ही गोष्ट तुळजापुरात विशेष जपायला हवी. देवीपुढे पेटता पोत घेऊन येणारे भाविक, नवरात्रात गावोगावी ज्योत घेऊन निघणारी तरुण मंडळं, दुकानातला कापूर, शेजारच्या चहाच्या टपरीवरचा गॅस. या सगळ्यांच्या डोक्यावर सलग ताडपत्र्या असतील, तर एका ठिणगीने आग पुढे सरकू शकते. साधी ताडपत्री जळताना वितळते आणि थेंब खाली पडतात.

उपाय तीन. दाट बाजारात अग्निरोधक प्रतीचं कापड मागा आणि तसं बिलावर लिहून घ्या. शेजारच्या छताला आपलं छत जोडू नका, मध्ये फट ठेवा. छताच्या सांगाड्यावरून विजेची वायर नेऊ नका.

उंचीही याच्याशी जोडलेली आहे. अश्विनी पौर्णिमेला सोलापूरहून मानाच्या काठ्या येतात, वेळप्रसंगी अग्निशमन दलाची गाडीही आत यावी लागते. डोक्याला लागेल इतकी खाली झालर आणि रस्त्यात आलेला खांब, दोन्ही टाळा.

परवानगी लागते का?

छत तुमच्या हद्दीत, तुमच्या ओट्यावर असेल तर प्रश्न सोपा आहे. ते रस्त्यावर किंवा गटारावर पुढे येत असेल, तर आधी नगरपरिषदेत विचारा. 'सगळ्यांनी लावलंय' हे कारवाईच्या वेळी उत्तर होत नाही. हातगाडीवाले आणि पथविक्रेते यांच्यासाठी 2014 चा पथविक्रेता कायदा आहे. त्यात विक्रीची जागा आणि प्रमाणपत्र यांची तरतूद आहे. छत्री किंवा पाल त्या जागेच्या मापातच बसवलेलं बरं.

तुळजापूरकरांसाठी आणखी एक मुद्दा. मे 2025 मध्ये चौंडी इथे झालेल्या राज्य मंत्रिमंडळाच्या बैठकीत तुळजाभवानी मंदिर परिसराच्या 1,865 कोटी रुपयांच्या विकास आराखड्याला मंजुरी मिळाली. तुमचं दुकान मंदिराच्या आसपास असेल, तर महागडं पक्कं छत उभारण्याआधी आराखड्यात आपली जागा कुठे येते, हे पाहून घ्या. खात्री होईपर्यंत वेल्डिंगऐवजी नट-बोल्टने जोडलेला सांगाडा घ्या. उद्या हलवावं लागलं तर सोडून दुसरीकडे बसवता येतो. भाड्याच्या गाळ्यालाही हेच लागू. शिवाय गाळा सोडताना छत कोणाचं, हे मालकाशी आधीच लेखी ठरवा.

भाव विचारताना फसू नका

दर चौरस फुटाने सांगितला जातो. पण कोणते फूट? तेच दहा बाय चारचं छत घ्या. जमिनीवरचं माप 40 चौरस फूट. एक फूट उतार धरला की कापडाची लांबी थोडी वाढते आणि माप 41 होतं. नऊ इंचांची झालर जोडली की जवळजवळ 49. एकजण 40 वर दर लावतो, दुसरा 49 वर. कमी दर सांगणाराच शेवटी महाग पडू शकतो.

म्हणून किमान दोन ठिकाणी सारखंच माप देऊन हे लेखी घ्या:

1. माप कसं धरलंय, झालर धरली आहे का
2. कापडाचा प्रकार आणि जीएसएम किंवा शीटची जाडी
3. पाइपचा आकार आणि गेज
4. फास्टनर, रंग, वाहतूक, बसवण्याची मजुरी दरात आहे का
5. हमी कापडाची आहे, सांगाड्याची की दोन्हींची
6. कापड फाटलं तर फक्त कापड बदलून मिळेल का

घ्यायची वेळ आणि निगा

नवरात्राच्या तोंडावर सगळ्यांनाच छत हवं असतं. तेव्हा कारागीर मिळत नाहीत आणि काम घाईत होतं. होळीच्या आधी बसवलं, तर चैत्री यात्रेलाही उपयोग होतो आणि वळवाच्या वाऱ्यात कच्चे दुवे पावसाळ्याआधीच कळतात.

त्यानंतर वर्षातून दोन दिवस पुरतात. एकदा मृगाच्या आधी आणि एकदा घटस्थापनेच्या आधी. बोल्ट आवळा, गंजलेल्या जागी रंग मारा, पन्हळीतला कचरा काढा, कापड साध्या साबणाच्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय गुंडाळू नका. ओलं गुंडाळलेलं कापड बुरशीने काळं पडतं.

आणि काम झाल्यावर कारागिराचे शेवटचे पैसे देण्याआधी दोन गोष्टी करून बघा. छतावर दोन बादल्या पाणी ओता आणि पुढच्या कडेचा पाइप धरून जोरात वर उचलून पाहा. पाणी साचलं नाही आणि भिंतीतला बोल्ट हलला नाही, तर काम नीट झालंय.