बारावीचे टक्के आणि कॉलेजचा उंबरठा

निकाल लागला की धाराशिव, कळंब, परंडा, उमरगा, कुठेही जा, घराघरांत एकच प्रश्न असतो : ‘किती टक्के पडले?’ साठ-पासष्ट ऐकलं की विचारणारा गप्प होतो आणि पोराची मान खाली जाते. तेवढ्यात कुणीतरी सल्ला देऊन टाकतं, ‘आता चांगल्या कॉलेजचा नाद सोडा.’ हा सल्ला देणाऱ्यानं प्रवेशाचे नियम बहुतेक वेळा वाचलेले नसतात. त्या नियमांत काय आहे, ते इथे सांगतो.

गैरसमज : नव्वदच्या वर टक्के नसतील तर सीओईपी, व्हीजेटीआयसारख्या इंजिनिअरिंग कॉलेजांचं नाव काढायचं नाही.

महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी बारावीचे गुण हा फक्त उंबरठा आहे. पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) मिळून खुल्या गटाला ४५ टक्के म्हणजे ३०० पैकी १३५ आणि राज्यातल्या राखीव गटांना ४० टक्के म्हणजे १२० गुण लागतात. तो ओलांडला की पुढची गुणवत्ता यादी लागते ती एमएचटी-सीईटीच्या किंवा जेईई मेनच्या पर्सेंटाइलवर. दोघांचे पर्सेंटाइल सारखे आले, तरी आधी सीईटीतल्या विषयांचे पर्सेंटाइल पाहतात. बारावीचे गुण त्यानंतर येतात.

पण इथेच दुसरा घोटाळा होतो. ‘पोराला सीईटीत नव्वद पडले’ म्हणून पेढे वाटले जातात आणि पहिल्या फेरीत मनासारखं कॉलेज लागत नाही. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. शंभरातले किती जण आपल्या बरोबरीला किंवा मागे आहेत, ते त्यातून कळतं. तीन लाख मुलं बसली असं धरलं, तर नव्वद पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे तीस हजार जण उभे असतात. सीओईपीच्या कॉम्प्युटर शाखेला खुल्या गटात ९९ च्याही वरचे पर्सेंटाइल लागतात. म्हणून बारावीला ६२ टक्के असणाऱ्याला दार उघडं आहे, हे जितकं खरं, तितकंच आत जायला सीईटीची तयारी जीव लावून करावी लागते, हेही खरं.

गैरसमज : डॉक्टर व्हायचं तर बारावीतच बाजी मारावी लागते, शिवाय मराठवाड्याच्या मुलांना पुण्या-मुंबईच्या जागा मिळत नाहीत.

बारावीला पीसीबीमध्ये (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र) खुल्या गटाला ५० आणि राखीव गटांना ४० टक्के हवेत. बाकी सगळा निकाल ‘नीट’चा, आणि तो पेपर मराठीतूनही देता येतो. प्रदेशानुसार जागा वाटणारा ७०:३० चा नियम मराठवाड्याला खरोखर जाचक होता, कारण आपल्याकडे मुलं जास्त आणि कॉलेजं कमी. तो सप्टेंबर २०२० मध्येच रद्द झाला. आता राज्याच्या ८५ टक्के कोट्यात साऱ्या महाराष्ट्राची एकच यादी असते. धाराशिवलाही २०२२ पासून १०० जागांचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मात्र त्यातल्या राज्य कोट्याच्या जागाही या एकाच यादीतून भरतात. जिल्ह्याच्या मुलांसाठी वेगळ्या ठेवलेल्या नसतात.

गैरसमज : दहावीला कमी पडले, लातूरला अकरावी मिळाली नाही, म्हणजे संपलं.

लातूर १९८२ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होतं, त्यामुळे ही ओढ जुनी आहे. तिथली शिकवणी चांगली आहे, याबद्दल वाद नाही. पण सीईटी किंवा नीटच्या यादीत अकरावी कुठे केली, याचा रकाना नसतो. दहावीनंतर पॉलिटेक्निकचीही वाट आहे. डिप्लोमाला दहावी पास, म्हणजे ३५ टक्के पुरतात. शासकीय पॉलिटेक्निकसाठी दहावीच्याच गुणांची चुरस असते, हे खरं. पण तीन वर्षांनी इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाताना डिप्लोमाचे गुण मोजतात. दहावीचे टक्के मागे राहतात आणि सीईटीही द्यावी लागत नाही. गणिताला घाबरलेल्या, पण हाताने काम शिकणाऱ्या मुलांसाठी ही वाट मला सर्वांत चांगली वाटते.

गैरसमज : आर्ट्‌सवाल्यांना नामांकित संस्था नसतात.

याचं मला सर्वांत वाईट वाटतं, कारण उत्तर तुळजापुरातच आहे. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचं आवार तिथे १९८६ पासून आहे. देशभरातून मुलं तिथे शिकायला येतात आणि आपल्या तालुक्यातली मुलं त्याच फाटकासमोरून एसटीने पुढे जातात. तिथल्या पदवीचा प्रवेश सीयूईटी या सामायिक प्रवेश परीक्षेवर आहे. २०२१ मध्ये दिल्ली विद्यापीठातल्या काही कॉलेजांची कट-ऑफ १०० टक्क्यांवर गेली होती. २०२२ पासून तिथेही सीयूईटीच चालते. ही परीक्षा मराठीतून देता येते. एनडीएच्या भूदल शाखेसाठीच्या लेखी परीक्षेलाही शिक्षणाची अट बारावी पास एवढीच आहे, टक्क्यांची नाही.

आता उलट बाजूचा गैरसमज, क्लासवाल्यांनी पसरवलेला : ‘बारावीकडे लक्ष देऊ नका, फक्त एंट्रन्स करा.’ हे ऐकू नका. आयआयटी आणि एनआयटीला पाच विषयांत मिळून ७५ टक्के (अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांगांना ६५) किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये नाव लागतं. पुण्याच्या आयसरला ६० टक्क्यांची अट आहे, अनुसूचित जाती-जमातींना ५५. जेईईत चांगली रँक येऊनही बारावीत अडकलेल्याने बोर्डाची श्रेणीसुधार परीक्षा जरूर द्यावी.

शेवटी पालकांना एक विनंती. गुण पुरतात आणि कागद कमी पडतो, असं आपल्याकडे फार होतं. जात पडताळणीचं प्रमाणपत्र किंवा नॉन-क्रिमिलेअर वेळेत नसेल, तर राखीव गटातली हक्काची जागा हातची जाते. निकालाची वाट पाहू नका. मुलगा किंवा मुलगी अकरावीत असतानाच कॉलेजमार्फत पडताळणीचा अर्ज भरून टाका.