शेवटचा निर्णय कोणाचा?

मंडळी, आपल्याकडचं कुठलंही घर डोळ्यांसमोर आणा. दोंडाईच्याहून नानांना धुळ्याला हलवलंय, आयसीयूत आहेत. बाहेर बाकावर मुलं, जावई, चुलते. डॉक्टर विचारतात, "व्हेंटिलेटर लावायचा का?" उत्तर मोठा मुलगा देतो. आईला सहसा कोणी विचारत नाही. नानांना काय हवं होतं, ते तर कोणालाच ठाऊक नसतं. पुढे पैसे संपले, की 'सल्ल्याविरुद्ध घरी नेत आहोत' या कागदावर सही होते. मुलांची माया कमी असते असं नाही. "बापाची नळी काढायला लावली" या बोलण्याची धास्ती असते.

आता कायदा बघू. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर 1973 मध्ये हल्ला झाला. त्यानंतर 2015 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या तिथेच अंथरुणाला खिळून होत्या. सांभाळलं ते तिथल्या परिचारिकांनी. पिंकी विराणी यांच्या अर्जावर 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की अरुणांच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्यांची सेवा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा. म्हणजे जवळचं कोण, हे फक्त रक्ताच्या नात्यावर ठरलं नाही.

पुढे 2018 मध्ये न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, आणि 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केली. सज्ञान माणूस शुद्धीत असताना वैद्यकीय इच्छापत्र करू शकतो. दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. आपल्या वतीने कोणी बोलायचं, त्यांची नावं त्यात लिहायची. मालमत्तेचं मृत्युपत्र वेगळं, हे वेगळं. मत बदललं तर ते रद्दही करता येतं.

रुग्ण शुद्धीत असेल, तर त्याचाच शब्द. शुद्धीत नसेल आणि बरं होण्याची आशा नसेल, तर हे इच्छापत्र पुढे येतं. तरी घरच्यांनी सांगितलं आणि नळी काढली, असं होत नाही. डॉक्टरांची दोन मंडळं तपासून मत देतात. इच्छापत्र नसेल तरी मंडळं लागतातच, फक्त संमती जवळच्या नातेवाइकांची. आणि यंत्र थांबवलं म्हणजे सेवा थांबली असं नाही. वेदना कमी करणारे उपचार चालूच राहतात.

मग घरच्यांचं काम काय? "आम्हाला काय वाटतं" हे सांगणं नव्हे, तर "नानांना काय हवं होतं" हे सांगणं. त्यासाठी आधी विचारावं लागतं. ते अशुभ नाही. लेकीला, सुनेला, आईलाही जवळ बसवा आणि नाना धडधाकट असतानाच विचारा. त्यांनी स्वतः सांगून ठेवलं असेल, तर उद्या मोठ्या मुलाच्या डोक्यावर एकट्याचं ओझं राहणार नाही.